अडीच किलोमीटर अधिक उंचीवरून उडी, तरी वेग कमी: मुक्त पतनाचे गणित

रामबागकर (धागाकर्ता)

उज्जैनजवळच्या दताणा हवाई पट्टीवर मध्य प्रदेश पर्यटनाची स्कायडायव्हिंग शिबिरे भरू लागल्यापासून आपल्या इंदुरातल्या मराठी मंडळींत या विषयावर पुष्कळ बोलले जाते, पण ते बोलणे धाडस, भीती आणि शुल्क यांपलीकडे फारसे जात नाही. या धाग्यावर केवळ भौतिकशास्त्र आणि गणित यांचीच चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.

माझा प्रश्न असा. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनर यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, रॉसवेलच्या परिसरात, हीलियमच्या फुग्याखालील कुपीतून (कॅप्सूलमधून) ३८,९६९ मीटर उंचीवरून उडी घेतली आणि ताशी १,३५७.६ किलोमीटर हा वेग गाठला. दोन वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, ॲलन युस्टेस यांनी त्याच परिसरात ४१,४१९ मीटरवरून उडी घेतली, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर अधिक उंचीवरून, आणि तरीही त्यांचा कमाल वेग ताशी सुमारे १,३२२ किलोमीटरच भरला. शाळेत आपण शिकलो ते सूत्र सांगते की वेगाचा वर्ग हा उंचीच्या प्रमाणात वाढतो. हवा नसती तर बाउमगार्टनर जमिनीजवळ ताशी सुमारे ३,१०० किलोमीटर वेगाने पोहोचले असते. मग हवा नेमके काय करते, कोठे करते, आणि जास्त उंचीवरून उडी घेणारा मनुष्य खाली येताना दताण्याच्या उडीपटूपेक्षा अधिक वेगात असतो का?

खजरानाकर

पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. युस्टेस यांनी शरीर स्थिर राहावे म्हणून ड्रोग, म्हणजे मागे फडफडणारे छोटे पॅराशूट, वापरले होते. बाउमगार्टनर यांच्याजवळ ड्रोग होते, पण ते केवळ आणीबाणीसाठी होते आणि ते उघडले नाही. ड्रोगमुळे रोध वाढला, म्हणून वेग कमी झाला. यात गूढ काही नाही.

जुनीइंदूरकर

खजरानाकर यांचे उत्तर बरोबर आहे, पण त्याने धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. अनेक वर्षे महाविद्यालयात हाच विषय शिकवल्यामुळे थोडे पायापासून सांगतो. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पुढच्या प्रतिसादाकडे जावे.

पडणाऱ्या शरीरावर दोन बले असतात. गुरुत्वाचे बल खाली ओढते आणि ते जवळजवळ स्थिर असते. ३९ किलोमीटर उंचीवरही गुरुत्वत्वरण जमिनीवरच्यापेक्षा केवळ १.२ टक्क्यांनी कमी, म्हणजे दर सेकंदाला, दर सेकंदामागे सुमारे ९.७ मीटर, असते. हवेचा रोध वर ढकलतो आणि तो हवेची घनता, वेगाचा वर्ग आणि शरीराचे रोधक्षेत्र या तिघांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. रोधक्षेत्र म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्रफळ गुणिले आकारावर अवलंबून असणारा रोधगुणांक. या दोहोंना वेगळे करण्याची या चर्चेत गरज नाही. दोन्ही बले समान झाली की त्वरण संपते आणि जो वेग उरतो तो अंत्य वेग:

अंत्य वेग = √(२ × वस्तुमान × गुरुत्वत्वरण ÷ (घनता × रोधक्षेत्र))

८० किलोचा मनुष्य पोट खाली करून, हातपाय पसरून पडत आहे आणि त्याचे रोधक्षेत्र ०.५५ चौरस मीटर आहे असे धरू. प्रमाण वातावरणात (उंचीनुसार दाब, तापमान व घनता यांचा सर्वमान्य सरासरी तक्ता) ३ किलोमीटर उंचीवर घनता दर घनमीटरला ०.९०९ किलो असते. सूत्रात घातल्यास सेकंदाला ५६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर येतात, आणि स्कायडायव्हिंगमध्ये सामान्यतः हाच आकडा सांगितला जातो.

आता दताण्याकडे पाहा. तेथील उडी सुमारे १०,००० फुटांवरून असते आणि ती टँडम असते, म्हणजे नवखा मनुष्य प्रशिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधलेला असतो. दोघांचे वजन सामानासह १८० किलोच्या आसपास जाते, पण एकावर एक असल्यामुळे रोधक्षेत्र दुप्पट होत नाही. ते ०.७ चौरस मीटर धरले तर अडीच किलोमीटर उंचीवर अंत्य वेग ताशी २६० किलोमीटर होतो. इतक्या वेगात मुख्य पॅराशूट उघडणे त्याच्या कापडाला आणि माणसांच्या खांद्यांना परवडत नाही, म्हणून टँडम उडीत प्रशिक्षक विमान सोडल्यावर लगेच ड्रोग सोडतो आणि वेग पुन्हा ताशी २०० किलोमीटरच्या आसपास आणतो. युस्टेस यांच्या ड्रोगचा मुख्य हेतू स्थैर्य हा होता आणि टँडमच्या ड्रोगचा मुख्य हेतू वेग कमी करणे हा आहे, पण गणित दोघांचे एकच.

सुपरकॉरिडॉर

जुनीइंदूरकर काका, घनता स्थिर धरली तर या समीकरणाचे उत्तर हायपरबोलिक टॅन्जंटच्या रूपात मिळते, हे आम्ही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. वेग = अंत्य वेग × टॅन-हायपरबोलिक (काळ ÷ विशिष्ट काळ), आणि विशिष्ट काळ म्हणजे अंत्य वेग भागिले गुरुत्वत्वरण. तुमच्या आकड्यांनी विशिष्ट काळ ५.७ सेकंद येतो. त्याच्या दुप्पट काळात, म्हणजे साधारण साडेअकरा सेकंदांत, उडीपटू अंत्य वेगाच्या ९६ टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि तोवर सुमारे ४२५ मीटर खाली आलेला असतो. १०,००० फुटांवरून निघून ५,००० फुटांवर पॅराशूट उघडते असे धरल्यास मुक्त पतनाचा काळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतो.

पण ३९ किलोमीटरवरच्या उडीला हे सूत्र लावताच येत नाही, कारण तिथली घनता जमिनीवरच्या घनतेच्या सुमारे २६५ व्या हिश्शाइतकी आहे आणि खाली येताना ती सतत वाढत जाते. म्हणजे अंत्य वेग हाच बदलता आहे. मग संगणकावर पायरीपायरीने उत्तर काढण्याखेरीज दुसरा मार्ग आहे का?

जुनीइंदूरकर

मार्ग आहे, आणि तो इतका सुरेख आहे की पाठ्यपुस्तकांत तो ठळकपणे का येत नाही याचे मला नवल वाटते.

अडचण अशी की समीकरणात वेगाचा वर्ग आहे आणि घनता उंचीवर अवलंबून आहे, काळावर नाही. म्हणून काळ हा चल सोडून द्यावा. किती खाली आलो हे अंतर स्वतंत्र चल मानावे आणि वेगाऐवजी वेगाचा वर्ग हीच अज्ञात राशी मानावी. वेगाच्या वर्गाचा अंतराशी बदलण्याचा दर हा त्वरणाच्या दुप्पट असतो, त्यामुळे समीकरण असे होते:

(वेग²) चा अंतरानुसार बदल = २ × गुरुत्वत्वरण − (घनता × रोधक्षेत्र ÷ वस्तुमान) × (वेग²)

येथे वेगाचा वर्ग केवळ पहिल्या घातात उरला आहे, म्हणजे अरेषीय दिसणारे समीकरण पहिल्या क्रमाचे रेषीय अवकल समीकरण झाले. असे समीकरण सोडवण्यासाठी जो संकलक गुणक लागतो त्यात घनतेचे अंतरावर संकलन करावे लागते, आणि हवेची घनता दोन उंचींच्या दरम्यान संकलित केली की मिळते ते त्या दोन उंचींमधील हवेच्या स्तंभाचे वस्तुमान. ते काढायला कोणतेही क्लिष्ट गणित नको. दोन्ही उंचींवरील दाबांमधला फरक गुरुत्वत्वरणाने भागला की झाले, कारण हवेचा दाब म्हणजे वरच्या हवेचे वजनच.

याचा अर्थ असा की मुक्त पतनाचे खरे घड्याळ सेकंदांत चालत नाही आणि मीटरमध्येही चालत नाही. उडीपटूने आपल्या रोधक्षेत्रातून किती किलो हवा ओलांडली आणि ती त्याच्या स्वतःच्या वस्तुमानाच्या किती पट आहे, या एकाच संख्येत ते चालते. रंगपंचमीच्या गेरीत (इंदुरातल्या मिरवणुकीत) राजवाड्यासमोरून वाट काढणाऱ्याची गती तो किती वेळ चालला यावर ठरत नाही, तर किती माणसांना त्याने धक्का देऊन बाजूला केले यावर ठरते. हवेचेही तसेच आहे. या संख्येला आपण तूर्त हवापट म्हणू. हवापट एकाने वाढला की उडीपटूच्या आधीच्या वेगाच्या वर्गाचा केवळ ३७ टक्के प्रभाव शिल्लक राहतो, दोनने वाढला की साडेतेरा टक्के, आणि याच क्रमाने तो पुढे घटत जातो.

आता बाउमगार्टनर यांचे आकडे घ्या. कमाल वेगाच्या क्षणी त्वरण शून्य असते, म्हणजे त्याच क्षणी रोध आणि वजन बरोबरीत असतात. हा वेग, सेकंदाला ३७७.१ मीटर, त्यांनी उडीनंतर सुमारे ५० सेकंदांनी, २७.८ किलोमीटर उंचीवर गाठला. प्रमाण वातावरणात तेथील घनता ०.०२५९ आहे. त्यावरून रोधक्षेत्र भागिले वस्तुमान हे गुणोत्तर दर किलोला ०.००५२७ चौरस मीटर येते. लक्षात घ्या, त्यांचे वजन काय होते हे कोणालाही विचारावे लागले नाही. पोशाख आणि सामानासह १२० किलो धरले तर रोधक्षेत्र ०.६३ चौरस मीटर होते, जे मोठ्या दाबपोशाखातल्या माणसासाठी पटण्याजोगे आहे.

पुढे ३९ किलोमीटरवरचा दाब ३३० पास्कल आणि २७.८ किलोमीटरवरचा १,६६६ पास्कल घेतला तर त्या क्षणापर्यंतचा हवापट ०.७३ निघतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश हवा ओलांडली आणि वेग वाढायचा थांबला.

सुपरकॉरिडॉर

काकांचे समीकरण स्प्रेडशीटमध्ये घालून पाहिले. प्रमाण वातावरणाचे दाब घेतले, गुरुत्वत्वरण ९.७ ठेवले आणि काकांनी काढलेले तेच एक गुणोत्तर सबंध मार्गासाठी स्थिर धरले. ३९ किलोमीटरवरून शून्य वेगाने निघाल्यास २७.८ किलोमीटरवर सेकंदाला ३७५ मीटर वेग येतो. प्रत्यक्ष मोजलेला वेग ३७७.१ आहे.

येथे एक शंका कोणी काढण्याआधीच तिचे उत्तर देतो. गुणोत्तर आपण कमाल वेगावरूनच काढले, मग तोच वेग परत मिळाला यात विशेष काय? विशेष हे की गुणोत्तर काढताना केवळ त्या एका क्षणीचे बलसंतुलन वापरले होते, आणि ३७५ हा आकडा मात्र वरच्या अकरा किलोमीटरांतील सगळ्या पतनाचे संकलन करून आला. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्या जुळणे बंधनकारक नव्हते.

त्याच तक्त्यातले पुढचे आकडे: २४ किलोमीटरवर सेकंदाला सुमारे ३४७ मीटर, २२ किलोमीटरवर ३१०, २० किलोमीटरवर २६३. या सगळ्या टप्प्यात उडीपटू त्या-त्या उंचीच्या अंत्य वेगापेक्षा अधिक वेगात आहे, म्हणजे रोध वजनापेक्षा जास्त आहे. २१ ते २२ किलोमीटरच्या दरम्यान रोध वजनाच्या सुमारे १.७ पट होतो. सुरुवातीला जवळजवळ वजनरहित असणाऱ्या माणसाला पुढे एका मिनिटाच्या आतबाहेर स्वतःचे वजन पावणेदोन पट झाल्यासारखे जाणवेल. ही गोष्ट मला कोठेही वाचायला मिळाली नव्हती. तक्ता मांडल्यावरच ती दिसली.

रामबागकर (धागाकर्ता)

उत्तम. मग माझ्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर यातूनच निघायला हवे. पॅराशूट उघडण्याच्या वेळी बाउमगार्टनर यांचा हवापट किती झाला असेल?

जुनीइंदूरकर

ते ३६.४ किलोमीटर मुक्त पडले, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे २.६ किलोमीटर उंचीवर आले. तेथे दाब सुमारे ७४१ हेक्टोपास्कल असतो. हवापट चाळीसच्या आसपास येतो. वरच्या उंचीची आठवण जितक्या प्रमाणात शिल्लक राहिली असेल तो आकडा दशांश चिन्हानंतर सतरा शून्ये देऊन मग लिहावा लागेल, इतका लहान आहे.

दुसऱ्या शब्दांत, किती अंतर पडल्यावर जुना वेग पुसला जातो ते पाहा. बाउमगार्टनर यांचेच गुणोत्तर घेतले तर ३९ किलोमीटर उंचीवरच्या घनतेत हे अंतर ४१ किलोमीटर आहे, २७.८ किलोमीटरवर ते ७.३ किलोमीटर आहे, आणि पॅराशूट उघडण्याच्या उंचीवर केवळ २०० मीटर. म्हणून वरच्या थरात मनुष्य जवळजवळ निर्वातात पडल्यासारखा पडतो आणि खालच्या थरात त्याच्या पतनाचा इतिहास काहीशे मीटरांतच संपतो. ३९ किलोमीटरवरून आलेला आणि दताण्याला ३ किलोमीटरवरून आलेला, दोघांचे वजन, रोधक्षेत्र आणि उंची सारखी असेल तर पॅराशूट उघडताना दोघांचा वेग सारखाच असेल.

युस्टेस यांच्या बाबतीत ड्रोगमुळे रोधक्षेत्र भागिले वस्तुमान हे गुणोत्तर वाढले. त्यामुळे तेवढाच हवापट अधिक उंचीवर, कमी दाबात, भरला आणि वेगाची वाढ आधीच थांबली. अडीच किलोमीटर अधिक उंचीचा लाभ त्या पातळ हवेतल्या छोट्या कापडाने खाऊन टाकला.

तिलकनगरवासी

चर्चा वाचताना दोन शंका आल्या. पहिली, ध्वनीचा वेग पातळ हवेत कमी असतो म्हणून तो ओलांडणे सोपे गेले, असे एका लेखात वाचले होते. ते खरे का? दुसरी, अवकाशयाने वातावरणात शिरताना तापून लाल होतात, मग हा मनुष्य ध्वनीपेक्षा वेगाने येऊनही भाजला कसा नाही?

सुपरकॉरिडॉर

पहिल्या शंकेतले कारण चुकीचे आहे, निष्कर्ष मात्र बरोबर आहे. वायूत ध्वनीचा वेग केवळ तापमानावर अवलंबून असतो. घनता आणि दाब दोन्ही सारख्याच प्रमाणात घटल्यास तो बदलत नाही. केल्व्हिनमधील तापमानाच्या वर्गमुळाला २०.०५ ने गुणले की सेकंदाला किती मीटर ते मिळते. २७.८ किलोमीटरवर तापमान उणे ४९ अंश सेल्सिअसच्या जवळ असते, म्हणून ध्वनीचा वेग सुमारे ३०० मीटर, आणि ३७७ भागिले ३०० म्हणजे १.२५. तोच वेग इंदूरच्या मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारी, जेव्हा ध्वनीचा वेग ३५५ च्या घरात असतो, जेमतेम १.०६ पट ठरला असता. थंडी उपयोगी पडली, विरळपणा नव्हे. विरळपणाचा उपयोग वेग वाढू देण्यासाठी झाला.

दुसऱ्या शंकेला एका गुणाकाराने उत्तर देता येते. वेगाने येणारी हवा शरीराच्या पुढे थांबवली जाते तेव्हा तिचे तापमान मूळ केल्व्हिन तापमानाच्या (१ + ०.२ × मॅक अंकाचा वर्ग) इतके पट होते; मॅक अंक म्हणजे वेग भागिले ध्वनीचा वेग, येथे १.२५. २२४ केल्व्हिनला १.३१ ने गुणल्यास २९४ केल्व्हिन येतात, म्हणजे २१ अंश सेल्सिअस. इंदूरच्या हिवाळी दुपारपेक्षाही ते थोडे थंडच आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो आणि त्याच्या प्रत्येक किलोमागे गतिज ऊर्जा सुमारे ३० मेगाज्यूल असते. बाउमगार्टनर यांच्या प्रत्येक किलोमागे ती ०.०७ मेगाज्यूल होती. चारशे पटींहून अधिक फरक आहे.

खजरानाकर

तापमानाचे मान्य. पण ताशी १,३५७ किलोमीटरचा वारा शरीराला फाडून कसा टाकत नाही, हे अजून कोणी सांगितले नाही. लढाऊ विमानातून इतक्या वेगात बाहेर फेकल्या गेलेल्या वैमानिकांना गंभीर इजा होतात, हे सर्वज्ञात आहे.

जुनीइंदूरकर

विमान इंजिनाच्या जोरावर दाट हवेतही तो वेग राखू शकते, पडणारा मनुष्य राखू शकत नाही. सगळा फरक यातच आहे. वाऱ्याचा मारा म्हणजे गतिक दाब, घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. अंत्य वेगाला रोध आणि वजन समान असतात, म्हणून गतिक दाब हा नेहमी वजन भागिले रोधक्षेत्र एवढाच असतो, मग उंची कोणतीही असो. ३ किलोमीटरवरच्या आपल्या ८० किलोच्या उडीपटूसाठी तो १,४२५ पास्कल आहे. बाउमगार्टनर यांच्यासाठी ध्वनीच्या सव्वापट वेगालाही तो १,८४० पास्कलच आहे, आणि तोही पोशाखाचे वजन अधिक म्हणून. नंतरच्या अवमंदनाच्या टप्प्यात तो याच्या १.७ पटीपर्यंत जातो, एवढेच.

ध्वनीच्या वेगाजवळ आघाततरंगांमुळे रोधगुणांक एकदम वाढतो, ही भीती मात्र आधी खरीच होती. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी या उडीची माहिती तपासून २०१७ मध्ये जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्यात असे दिसले की घड्या, पिशव्या आणि उंचवट्यांनी भरलेल्या ओबडधोबड शरीराच्या बाबतीत ही वाढ गुळगुळीत वस्तूंच्या तुलनेत फारच कमी भरली. सुपरकॉरिडॉर यांनी गुणोत्तर स्थिर धरूनही उत्तर का जुळले, याचे बरेचसे कारण हेच असावे.

ग्वाल्हेरकर

चर्चा वेगावरच अडकली आहे, म्हणून एक भर घालतो. या उड्यांत माणसाला खरा धोका वेगाचा नसून फिरकीचा आणि दाबाचा असतो.

नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकी वायुदलाचे जोसेफ किटिंजर यांच्या एक्सेलसियर या फुग्यावरून उडी घेण्याच्या प्रकल्पातील पहिल्या उडीत ड्रोग वेळेआधी सुटून त्यांच्या मानेभोवती गुंडाळले गेले, ते सपाट फिरकीत सापडून बेशुद्ध झाले, आणि आपत्कालीन पॅराशूट स्वयंचलित यंत्रणेने उघडल्यामुळे वाचले. तरीही १६ ऑगस्ट १९६० रोजी त्यांनी १,०२,८०० फुटांवरून, म्हणजे ३१.३ किलोमीटरवरून, उडी घेतली आणि ४ मिनिटे ३६ सेकंद ड्रोगसह पडत राहिले. चढतानाच त्यांच्या उजव्या हातमोज्याचा दाब गेला होता आणि हात सुजला होता. १ नोव्हेंबर १९६२ रोजी सोव्हिएत संघाचे येव्गेनी आंद्रेयेव यांनी २५.५ किलोमीटरवरून ड्रोगशिवाय उडी घेऊन ती पूर्ण केली. त्याच फुग्यातून अधिक उंचीवर उडी घेणारे प्योत्र दोल्गोव मात्र शिरस्त्राण कुपीला आपटून पोशाखातला दाब गेल्यामुळे मरण पावले. सुमारे १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळते. तेथे पोशाखाला पडलेली चीर म्हणजे मृत्यू.

फिरकीचे गणित सोपे आहे. मिनिटाला ६० फेऱ्या आणि डोके फिरकीच्या अक्षापासून ०.८ मीटरवर असे धरले तर डोक्यावरचे त्वरण गुरुत्वाच्या ३.२ पट होते. फेऱ्या दुप्पट झाल्या की ते चौपट, म्हणजे जवळजवळ १३ पट. बाउमगार्टनर यांची फिरकी मिनिटाला ६० फेऱ्यांच्या आसपास गेली होती आणि दाट हवेत आल्यावर त्यांनी ती स्वतः थांबवली. वेळ लागला, कारण हात-पाय हलवून शरीर वळवायचे तर गतिक दाब लागतो, आणि उडीच्या सुरुवातीला, वेग सेकंदाला १०० मीटर झाला तरी, तो २० ते २५ पास्कलच असतो. कुपीतून पाऊल टाकताना शरीराला मिळालेला किंचितसा कोनीय संवेग नाहीसा करायला हवाच नसते. त्यांच्या कानात त्या वेळी मार्गदर्शन करणारा आवाज स्वतः किटिंजर यांचाच होता.

तिलकनगरवासी

महाराष्ट्राच्या शीतल महाजन यांचा उल्लेख या धाग्यात झाला नाही याचे आश्चर्य वाटते. नऊवारी नेसून त्यांनी थायलंडमध्ये उडी घेतली होती, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. ती स्थितांबरातली (स्ट्रॅटोस्फिअरमधली) उडी नव्हे हे मान्य, पण तिच्या गणितात काही वेगळे आहे का?

जुनीइंदूरकर

आहे, आणि ते उतरण्याच्या गणितात आहे. खुल्या पॅराशूटचा वेगही घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणातच असतो. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या परिसरात जमीनच ५,३०० मीटरच्या आसपास असते. तेथे घनता ०.७१ असते, म्हणून तेच पॅराशूट, तोच मनुष्य, आणि तरीही जमिनीला टेकण्याचा वेग समुद्रकिनाऱ्यावरच्यापेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त. आघाताची ऊर्जा तर ७० टक्क्यांनी वाढते. अशा ठिकाणी मोठ्या क्षेत्रफळाचे पॅराशूट घ्यावे लागते. स्थितांबरातून येणारा मनुष्य रॉसवेलच्या सपाट जमिनीवर उतरतो, त्याला ही अडचण नसते; वरच्या चाळीस किलोमीटरांपेक्षा खालच्या शेवटच्या मीटरांतली घनता पायांच्या हाडांना अधिक महत्त्वाची.

नऊवारीबद्दल एवढेच म्हणतो की लुगडे नीट बांधलेले असेल तर रोधक्षेत्रात फार फरक पडू नये. सुटलेला पदर मात्र असममित रोध देईल आणि वरच्या प्रतिसादातली फिरकी तेथून सुरू होईल, म्हणून ते घट्ट बांधणे ही सुरक्षिततेची गरज आहे.

रामबागकर (धागाकर्ता)

मग आपल्याकडे उन्हाळा आणि हिवाळा यांतही फरक पडायला हवा.

सुपरकॉरिडॉर

पडतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि येथे दाब ९४९ हेक्टोपास्कलच्या जवळपास धरता येतो. चाळीस अंशांच्या दुपारी जमिनीलगतची घनता १.०६ येते, आणि जानेवारीच्या दहा अंशांच्या पहाटे १.१७. वर्गमूळ घेतल्यावर वेगातला फरक ५ टक्के. हिवाळ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरवणारे गोल पॅराशूट मे महिन्यात ५.२५ मीटरने उतरवील. दताण्याला वापरतात ती चौकोनी पॅराशूटे पंखासारखी तरंगतात आणि शेवटच्या क्षणी दोऱ्या ओढून त्यांचा वेग मोडता येतो, त्यामुळे तेथे हा फरक उतरण्याच्या वेगापेक्षा जमिनीला समांतर असलेल्या वेगात अधिक जाणवेल, आणि शांत वाऱ्यात तो उडीपटूला काही पावले जास्त धावायला लावील.